लांडोरीला लाइक नाही

गेल्या रविवारी मी एका मोराला पिसारा लावला.

हातांनी नव्हे, मोबाइलमधल्या ॲपनं. मोराच्या मागच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं, ‘फुललेला पिसारा’ एवढं लिहिलं आणि दहा-बारा सेकंदांत दीडएकशे पिसं उगवली. खऱ्या मोराला एवढा ऐवज जमवायला तिसरं वर्ष उजाडावं लागतं. त्यात दाणापाणी शोधणं आणि कुत्र्यामांजरांपासून मान वाचवणं हा खर्च वेगळा. माझा खर्च शून्य. ॲप पहिले सात दिवस फुकट होतं.

फोटो आधी आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या ग्रुपवर टाकला, मग सगळीकडे टाकला. चारशे बारा लाइक. त्याआधीचा माझा विक्रम एकोणचाळीसचा होता आणि त्यातली बावीस माणसं नात्यातली होती.

आता कबुली दिलीच आहे तर सगळंच सांगतो.

मोराची चिंचोली शिरूर तालुक्यात, पुण्याहून दीड-दोन तासांवर. हुरड्याच्या दिवसांत तिथं मोरांपेक्षा पुणेकर जास्त दिसतात. मोराचा नाच पाहायचा तर मे ते जुलै. आभाळ भरून आलं की गडी सुरू होतो. मी पोचलो ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, कारण लेन्स ऑगस्टात आली. पंधरा ऑगस्टच्या सेलमध्ये बिनव्याजी हप्ते होते. मोराचं वेळापत्रक वेगळं, सेलचं वेगळं. मी कुठलं पाळणार हे सांगायला नको.

ऑगस्ट सरत आला की मोराची पिसं गळायला लागतात. हे मला ठाऊक होतं. पण पहिला हप्ता गेलेला होता. बांधावर जो मोर भेटला त्याच्याकडे तीन पिसं शिल्लक होती आणि त्यातलं एक मधेच मोडलेलं. मांडव उतरवल्यावर खांबाला राहून गेलेल्या झिरमिळ्या असतात ना, तसा दिसत होता बिचारा. ज्यांच्या शेतात मी उभा होतो ते मामा डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चालले होते. थांबले. कॅमेऱ्याकडे पाहिलं, मोराकडे पाहिलं.

“आता काय बघायला आलाय साहेब? त्याचा बाजार उठला.”

मग भारा खाली टेकवून त्यांनी बाजरीकडे हनुवटी उडवली. “ती बघा की. पिल्लं घिऊन हिंडतीय.”

मला काही दिसेना. बाजरीच्या कडेला गवत होतं, ढेकळं होती, एक फुटका माठ होता.

“अवो समोर. धा पावलांवर.”

माझ्या नव्या कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा आपोआप हुडकायची सोय आहे. पक्षी असला की त्याच्या डोळ्याभोवती छोटा चौकोन येतो आणि फोकस तिथं चिकटतो. जाहिरातीत तर घुबड डोळा उघडतं तोवर चौकोन तयार असतो. मी कॅमेरा बाजरीकडे वळवला. चौकोन आला, काँग्रेस गवताच्या पांढऱ्या फुलावर आला. मग ढेकळावर गेला. मग माठाच्या फुटक्या कडेवर बराच वेळ रेंगाळला. मामा हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

तिनं मान हलवली तेव्हा कुठं दिसली. पाठ ढेकळाच्या रंगाची, पोट वाळल्या पात्यासारखं फिकट, मानेवर हिरवट झाक, तीही ऊन नेमकं पडलं तरच. मागोमाग पिल्लं. चार होती की पाच, कुणास ठाऊक. डोकी वर यायची आणि पुन्हा गवतात बुडायची. मोजत बसायला फुरसत कुणाला होती? त्या सकाळी मी अकराशे फ्रेम मारल्या. त्यातल्या एकतीस तिच्या. बाकी सगळ्या त्या तीन पिसांच्या.

एकतीसमधला एक फोटो बरा निघाला. तोही त्याच संध्याकाळी टाकला, कसलीही कलाकुसर न करता. अकरा लाइक. आणि एक प्रतिक्रिया: “सब्जेक्ट कुठाय?”

मोराच्या फोटोवर मात्र चारशे बारांपैकी एकानंही विचारलं नाही की ऑगस्ट संपताना एवढा पिसारा आला कुठून. विचारलं ते “लेन्स कुठली?” हे विचारणाऱ्यांत वीस-वीस वर्षं पक्षी बघणारे तिघे होते. बरं, ॲपनं चुकाही ढळढळीत केल्या होत्या. पिसारा म्हणजे मोराची शेपूट नव्हेच. शेपटीवरची पांघरणाची पिसं लांबत जाऊन पिसारा होतो; खरी शेपूट आखूड आणि तपकिरी असते, ती मागून टेका देते. ॲपनं शेपटीलाच पिसारा फोडला होता आणि टेकू म्हणून मागं काहीच नव्हतं. कारागीर असता तर मजुरी कापली असती.

मोराच्या पिसाऱ्यानं हैराण झालेला मी काही पहिला नाही. चार्ल्स डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ 24 नोव्हेंबर 1859 रोजी बाहेर पडलं. पुढच्याच एप्रिलमध्ये त्यानं अमेरिकेतल्या आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला कळवलं की मोराचं पीस नुसतं दिसलं तरी आपल्याला मळमळतं. साहजिक आहे. जगायला जे उपयोगी तेच टिकतं असं पुस्तक लिहून माणूस जरा बसतोय, तर समोरून हा हिरो पाऊण अंगाचं ओझं फरफटत येतो. पळताना आड येतं, उडताना जड होतं, वाघ-बिबट्याला लांबून दिसतं. मग हे टिकलं कसं?

सविस्तर उत्तर डार्विननं 1871 साली दिलं: लांडोरीला आवडतं म्हणून. ती निवडते, ज्याला निवडते त्याची पिल्लं होतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या पिसारा वाढत जातो. व्हिक्टोरियन काळातल्या दाढीवाल्यांच्या हे घशाखाली उतरेना. माणूस आणि माकड एका कुळातले हे एक वेळ सोसू. पण निवड बाईची आणि तिच्या आवडीनं पुरुषाचं रूप घडायचं, म्हणजे फारच झालं! नैसर्गिक निवडीची कल्पना ज्याला स्वतंत्रपणे सुचली होती तो वॉलेससुद्धा इथं डार्विनच्या बाजूला उभा राहिला नाही.

पुढं शास्त्रज्ञांनी पिसाऱ्यावरचे डोळे मोजले. इंग्लंडातल्या व्हिप्सनेड पार्कात मॅरियन पेट्री यांना 1991 साली दिसलं की ज्याचे डोळे जास्त त्याला लांडोरी जास्त. जपानमध्ये मारिको ताकाहाशी आणि मंडळींनी सात वर्षं मोजून 2008 साली सांगितलं की आम्हाला तसं काहीच दिसलं नाही. 2013 साली तर लांडोरींच्या डोक्यावर त्यांची नजर टिपणारं यंत्र बसवून पाहिलं. मोर समोर जिवाच्या आकांतानं थरथरतोय आणि बाईसाहेबांचं लक्ष बराच वेळ भलतीकडेच. मोराकडे पाहिलंच तर बहुतेक पिसाऱ्याच्या खालच्या भागाकडे. डोक्यावरच्या तुऱ्याकडे क्वचितच. म्हणजे आम्ही ज्या तुऱ्यावर आणि डोळ्यातल्या चमकेवर फोकस आणण्यासाठी लाखभर रुपये मोजतो, त्याची त्या व्यवहारातल्या मुख्य पक्षाला पडलेली नाही.

हे वाचून झाल्यावर मी जुनी हार्डडिस्क काढली. पिसारा एका रविवारात येत नाही, माझ्यातही तो कधीपासून वाढत असणार, अशी शंका होती. खरी निघाली.

सगळ्यात खालच्या थरात 2009. पाषाण तलावावरचा खंड्या. तारेवर बसलेला, माशीएवढा, निळा रंग होता तसा, पाठीमागे एका इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्या. 2013: खंड्या जरा मोठा, टाक्या कापलेल्या. 2015: निळा रंग पाच घरं पुढं सरकलेला. 2016: आणखी पाच. 2018: कडा काळवंडलेल्या, मधे खंड्या दिव्यासारखा पेटलेला. 2021: आकाश बदललेलं, ते आकाश महाबळेश्वरचं आहे, मीच काढलेलं, एवढाच काय तो प्रामाणिकपणा. आणि सगळ्यात वर, ताज्या मातीत, परवाचा मोर.

मधला दुवा एकही हरवलेला नाही, प्रत्येक पायरीची फाइल जागेवर आहे. कुठल्याच पायरीला आपण काही गैर करतोय असं वाटलं नव्हतं, कारण दर वेळी स्लायडर जरासाच सरकवला होता. कोणता फोटो पुढं चालवायचा हे ठरवलं लाइकांनी. ज्याला लाइक पडले त्याच्यासारखे आणखी काढले. ज्याला पडले नाहीत त्याचा वंश तिथंच खुंटला. पाण्यात उभ्या टिटवीचे माझे भुरे फोटो 2016 नंतर सापडत नाहीत. टिटव्या आहेत हो. फोटो नामशेष झाले.

फरक एवढाच की मोर किंमत मोजतो. आमोट्झ झहावी या इस्रायली शास्त्रज्ञानं 1975 साली म्हटलं ते हेच: एवढं लोढणं गळ्यात घेऊनही मी जिवंत आहे, बघ, असं मोर पिसाऱ्यातून सांगत असतो. लोढणं खोटं असेल तर निरोपही खोटा. माझ्या दहा सेकंदांच्या पिसाऱ्यानं माझ्याबद्दल काय सांगितलं? फुकट सात दिवसांतला तिसरा दिवस चालू आहे, एवढंच.

यावर आमच्यातले सोवळे लोक लगेच म्हणतील, म्हणूनच आम्ही कॅमेऱ्यातून निघालं तसंच दाखवतो, बोटसुद्धा लावत नाही. त्यांचं सोवळं जरा तपासू.

येताना मामांनी एक गळलेलं पीस हातात दिलं होतं. घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर काळ्या कापडावर ठेवून त्याला मॅक्रो लेन्स लावली. ओटा मिळायला दुपारचे तीन वाजले. त्याआधी तिथं पोळ्या चालू होत्या आणि पोळ्यांना प्राधान्य आहे. जवळून पाहिलं तर पीस म्हणजे एक दांडी, दांडीला फांद्या, फांद्यांना बारीक तंतू, आणि प्रत्येक तंतू मण्यांच्या सरीसारखा तुकड्यातुकड्यानं चमकणारा. मधला गडद निळा, भोवती मोरपंखी, मग तांब्याचा पट्टा. मग मी ते उचलून खिडकीसमोर धरलं. उजेड मागून आला आणि निळा गेला, हिरवा गेला, तांबं गेलं. हातात एक मळकट तपकिरी पीस राहिलं. लांडोरीच्या पाठीसारखं.

मोराच्या पिसात निळा रंग नसतोच. असतं ते मेलॅनिन, आपल्या केसांत असतं तेच. त्याच्या अतिसूक्ष्म काड्या जाळीसारख्या ओळीनं रचलेल्या असतात आणि जाळीतलं अंतर जसं बदलेल तसा परतणारा उजेड निळा, हिरवा, तांबूस होतो. रॉबर्ट हूकनं 1665 सालच्या ‘मायक्रोग्राफिया’त मोरपीस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णन केलं आहे, पाण्यानं ओलं केलं की रंग जातात हेही त्याला दिसलं होतं. म्हणजे मूळ मालच तपकिरी. निळा हा मांडणीचा खेळ आहे. मोर पहिल्यापासून डिजिटल आर्ट करतोय म्हणा ना, फक्त वीज लागत नाही.

आता कॅमेरा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर रंगीत काचांची जाळी असते, तिचं पेटंट कोडॅकच्या ब्राइस बायरला 1976 साली मिळालं. दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दुप्पट का, तर माणसाच्या डोळ्याला हिरव्यातलं बारीकसारीक जास्त कळतं म्हणून. प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. उरलेले दोन? शेजारच्या ठिपक्यांना विचारून ठरवले जातात. स्थळाची चौकशी करतात तशी. “मुलगा कसा आहे हो?” “चांगला आहे, थोडा लालसर आहे.” तेव्हा सोवळ्यातल्या फोटोतलासुद्धा दोन तृतीयांश रंग अंदाजपंचे असतो. अंदाज उत्तम असतो, हे मान्य.

आणि तो अंदाज माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेला. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, लांडोरीच्या चार. जांभळ्याच्या पलीकडचं आपल्याला न दिसणारं थोडंफार तिला दिसतं, आणि माझ्या कॅमेऱ्यात तोच उजेड सेन्सरच्या पुढच्या काचेपाशी अडवला जातो. शिवाय मोर नाचताना पिसं सेकंदाला पंचवीसेक वेळा थरथरवतो आणि तेव्हा डोळे जागच्या जागी तरंगल्यासारखे राहतात. मी शटर ठेवतो एक हजारांश सेकंदावर. थरथर गेली, आवाज गेला, चौथा रंग गेला. खाली मथळा: ‘मोराचं नृत्य’.

वाघाचीही तीच तऱ्हा. ताडोब्याहून आलेला प्रत्येक जण वाघाचा नारिंगी आणखी दोन घरं वर नेतो. ज्या चितळाला तो वाघ खाणार त्याला नारिंगी दिसतच नाही. त्याच्या डोळ्याला वाघ झाडोऱ्यासारखा हिरवट. असो.

सोवळ्यांचा शेवटचा मुद्दा: स्पर्धा तरी शुद्ध असतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत 2009 सालचा विजेता लांडगा पाळीव असावा असं ठरलं. 2017 साली एका गटात जिंकलेला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा तज्ज्ञांचा निष्कर्ष आला. दोन्ही बक्षिसं परत. ‘नॅशनल जिऑग्राफिक’नं तर फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड सरकवून जवळ आणले होते. पिरॅमिड! माझं तर मोरावर भागलं.

दुःख हलकं करायला मी भाच्याकडे गेलो. तो कॉम्प्युटरवाला आहे. रिचर्ड डॉकिन्सनं 1986 च्या ‘द ब्लाइंड वॉचमेकर’मध्ये ज्या खेळाची गोष्ट सांगितली आहे, तसा खेळ त्यानं मला तासाभरात लिहून दिला. पडद्यावर रेघांची एक आकृती. तिची थोडी-थोडी वेगळी पोरं भोवती उमटतात. एकावर बोट ठेवायचं, की तीच पुढची आई. डॉकिन्सला झाडांच्या फांद्यांसारखं काहीतरी निघेल असं वाटत होतं, आणि बघता बघता पडद्यावर किडे निघाले. त्या आनंदात त्याला झोप लागली नाही म्हणतात.

मी मोर काढायला बसलो. आता यात फसवणूक नाही, म्हटलं. ही खरीखुरी उत्क्रांती. नववी पिढी: काटेचमचा. विसावी: अँटेना, आमच्या जुन्या चाळीच्या पत्र्यावर असायची तशी. तिसाव्या पिढीला पंख्यासारखं काहीतरी फुललं आणि मी खुर्चीत पुढं सरकलो. चाळिसाव्या पिढीला खराटा झाला.

“मामा, मागं जाऊन दुसरी फांदी धरता येते,” भाचा म्हणाला. त्यानं परतीचं बटण ठेवलं होतं.

ते मात्र चुकलं त्याचं. मोराला परतीचं बटण नाही. तिसाव्या पिढीत काही बिघडलं तर एकतिसावीनं त्यातूनच वाट काढायची, नाहीतर संपायचं. आणि “मोर हवा” असं मनात धरून बसलेलाही तिथं कुणी नाही. लांडोरी आहेत, बिबट्या आहे, दुष्काळ आहे; ज्याचा त्याचा हिशेब रोजचा. पडद्यासमोर बसून मोर मागणारा मी आणि ॲपमध्ये ‘फुललेला पिसारा’ लिहिणारा मी, एकच माणूस.

आता जरा गंभीर तक्रार. जानेवारी 2018 मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, तेव्हाचे एक केंद्रीय राज्यमंत्री म्हणाले की डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, कारण माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी लिहून किंवा सांगून ठेवलेलं नाही. हे गृहस्थ मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराशिवाय गुन्हा सिद्ध होत नसता तर त्यांच्याच खात्याचे किती खटले उभे राहिले असते? देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्यांना उत्तर दिलं. त्याच्या आदल्या वर्षी, 2017 मध्ये, राजस्थानातल्या एका न्यायमूर्तींनी सांगितलं होतं की मोर आजन्म ब्रह्मचारी असतो आणि त्याचे अश्रू पिऊन लांडोरीला पिल्लं होतात. मग 2023 साली एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली. 1,800हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहिलं. धडा तेव्हा परत आला नाही.

आणि त्याच काळात, त्याच देशात, नेटवर ‘मोराचं पिल्लू’ असं शोधणाऱ्याला काय दिसायला लागलं? गोंडस, निळंशार, टपोऱ्या डोळ्यांचं, बोटभर पिसारा फुलवून बसलेलं पिल्लू. एआयनं केलेलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते सकाळी सहाला येतं, खाली गुलाब आणि ‘शुभ प्रभात’. दुपारी दुसऱ्या ग्रुपवरून येतं तेव्हा स्क्रीनशॉट मारताना एक पाय कापला गेलेला असतो. रात्री येतं तेव्हा वरती बालाजी असतात. फरकासह वंशसातत्य म्हणतात ते हेच. उत्क्रांती बघितली नाही म्हणणाऱ्यांनी निदान आपला मोबाइल तरी बघावा.

ज्याला करोडो वर्षांचे जीवाश्म पुरत नाहीत, त्याला हे पिल्लू पुरतं. ते कधी जन्मलंच नाही आणि तरी त्याचा फोटो आहे. खरं पिल्लू फिकट मातकट असतं, पाठीवर गडद छटा. असायलाच हवं. निळा पिसारा घेऊन अंड्याबाहेर आलेलं पिल्लू संध्याकाळपर्यंत मुंगसाच्या पोटात असेल. आई जमिनीवर उघड्यावर चार आठवडे अंडी उबवते, तीही त्याच मातकट रंगाच्या भरवशावर. माझ्या दीड लाखाच्या यंत्राला तिनं धा पावलांवरून फुटक्या माठाकडे पाठवलं, याचा त्या दिवशी मला राग आला होता. आज वाटतं की त्या शेतात सगळ्यात मुरलेलं काम तिच्या पाठीवर होतं, आणि मी त्याला सब्जेक्ट कुठाय विचारणाऱ्यांच्या रांगेत उभा होतो.

मोराचा फोटो बुधवारी काढून टाकला. कारण लिहिलं नाही. तेवढं धाडस झालं नाही, म्हणून इथं लिहितोय. लगेच तिघांचे मेसेज आले, “सर, पोस्ट दिसत नाही, वॉलपेपरला हवा होता.”

निघताना मामांनी नंबर दिला होता, फोटो धाडा म्हणून. दोन्ही धाडले. पिसारेवाल्या मोराखाली लगेच निळ्या खुणा आल्या, पण उत्तर नाही. अर्ध्या तासानं त्यांचा आवाजी निरोप आला. मागं बाजरीतली पाखरं हाकलत कुणीतरी डबा बडवत होतं.

“साहेब, मोर आमच्याकडचा न्हाय वाटत. पर लांडुरीचा फोटू लय ब्येस आलाय. मोठा करून बघितला. पिल्लं चारच हायेत. बेस्तरवारी पाच व्हती.”